डोंगर, पाणी आणि दरबारी माणूस

इसवी सनाच्या अकराव्या शतकात, उत्तर सुंग घराण्याचा सम्राट शेनत्सुंग काइफंगच्या गादीवर असताना, त्याच्या दरबारातील ग्वो शी या चित्रकाराने डोंगर आणि पाणी यांच्या चित्रांविषयी जे विचार वेळोवेळी बोलून दाखविले, ते त्याचा मुलगा ग्वो स याने पुढे एकत्र करून ग्रंथरूपाने जतन केले. आणि त्या ग्रंथाच्या आरंभी जो प्रश्न उभा केला आहे तो चिनी निसर्गचित्र प्रथमच पाहणाऱ्या मराठी वाचकाच्या मनातही उद्भवण्यासारखा आहे. सज्जनाला डोंगरपाण्याची इतकी ओढ का असावी? ग्वो शीच्या उत्तराचा आशय असा की, झऱ्याकाठी वास करावा, कोळी आणि लाकूडतोडे यांच्या संगतीत दिवस घालवावेत, ही सुसंस्कृत मनाची स्वाभाविक इच्छा होय. परंतु ज्याच्या शिरावर राजसेवेचे आणि मातापित्यांच्या शुश्रूषेचे ऋण आहे, त्याला ते झुगारून रानात निघून जाण्याची मुभा नाही. अशा माणसाला आपल्या बैठकीतून न उठता त्या डोंगरात हिंडता यावे, एवढ्यासाठी कुशल हाताने काढलेले चित्र हवे.

या उत्तराइतकी उपयोगी किल्ली मला दुसरी सापडलेली नाही. जो समाज ही चित्रे काढीत होता, विकत घेत होता, भेट देत होता आणि त्यांच्यावर शेरे लिहीत होता, तो बव्हंशी सरकारी चाकरीतला, किंवा चाकरीच्या आशेतला, किंवा चाकरीतून बडतर्फ झालेला समाज होता. बालपणापासून अभिजात ग्रंथ मुखोद्गत करावयाचे, परीक्षांच्या चाळणीतून पार व्हावयाचे, मग घरापासून शेकडो कोसांवरच्या एखाद्या जिल्ह्यात जाऊन जमाबंदी पाहावयाची, फिर्यादी ऐकावयाच्या, आणि दरबारातील पक्ष पालटला की एका हुकमानिशी दूरच्या मुलखात रवानगी व्हावयाची, असा या माणसांचा आयुष्यक्रम असे. त्यांच्या भिंतीवर टांगलेला डोंगर या आयुष्यक्रमाशी बोलत असतो. म्हणून चिनी चित्रातील प्रतीकांची जी कोष्टके ठिकठिकाणी छापलेली आढळतात, ती मला अपुरी वाटतात. पाइन वृक्ष म्हणजे हिवाळ्यातही न वाकणारा सत्पुरुष, वेळू म्हणजे नमूनही न मोडणारे चारित्र्य, कोळी म्हणजे राजकारणापासून दूर झालेला ज्ञानी, हे सारे त्या परंपरेत खरेच आहे. परंतु तोच पाइन सम्राटाच्या दालनात एक सांगतो आणि तुरुंगातून सुटून आलेल्या कारकुनाच्या गुंडाळीत दुसरेच सांगतो. प्रतीकाचा अर्थ चित्रकाराच्या दैवाबरोबर आणि राज्याच्या दैवाबरोबर सरकत जातो. तो कसा सरकला हे काही थोड्या चित्रांच्या आधारे दाखवावे, एवढाच या प्रस्तावनेचा उद्देश आहे.

चिनी लोक या चित्रप्रकाराला शानश्वेइ, म्हणजे डोंगर-पाणी, असेच म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेले विचार चित्रकलेहून पुष्कळ प्राचीन आहेत. कन्फ्यूशियसने ज्ञानी माणसाची आवड पाण्याशी आणि दयाशील माणसाची आवड पर्वताशी जोडली होती. ताओ पंथाने डोंगराला अमर पुरुषांचे निवासस्थान मानले होते. पूर्वेकडील थाय पर्वतावर तर सम्राट स्वतः जाऊन स्वर्गाला आपल्या राज्याचा वृत्तांत निवेदन करीत. चौथ्या शतकाच्या सुमारास या दोन प्रवाहांना तिसरा येऊन मिळाला, तो भारतातून गेलेल्या बौद्ध धर्माचा. लू पर्वतावरील ह्वेइयुआन या बौद्ध आचार्याच्या सहवासात राहिलेला त्सोंग बिंग (375–443) हा गृहस्थ, राजसेवेची बोलावणी वारंवार नाकारून, आयुष्यभर डोंगर धुंडाळीत हिंडला. आणि वार्धक्याने व व्याधीने पाय थकल्यावर च्यांगलिंगच्या घरी परतून त्याने पाहिलेले सारे पर्वत खोलीच्या भिंतींवर रंगविले, जेणेकरून अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांतून फिरता यावे. त्या चित्रांपुढे बसून तो आपले तंतुवाद्य छेडीत असे आणि डोंगरांनी त्याला प्रतिसाद द्यावा अशी अपेक्षा करीत असे, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. त्याच्या भिंती केव्हाच नष्ट झाल्या. परंतु डोंगरांच्या चित्रणाविषयी त्याने लिहिलेला छोटा निबंध टिकला, आणि पुढील हजार वर्षे चिनी चित्रकार त्याच्या त्या अंथरुणावरील प्रवासाचा दाखला देत राहिले.

साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती इतकी अल्प आहेत की त्यांतून एवढी सृष्टी उभी राहते यावर प्रथम विश्वास बसत नाही. पाइनच्या लाकडाची काजळी सरसात मळून केलेली शाईची कांडी, आपण चंदन उगाळतो तशी दगडावर पाण्याबरोबर उगाळावयाची, आणि त्या एका काळ्या द्रवातून, पाण्याचे प्रमाण कमीअधिक करून, कोळशाच्या काळिम्यापासून धुक्याच्या राखी छटेपर्यंत सर्व वर्ण साधावयाचे. खडकाचा पोत दाखविण्यासाठी कुंचल्याच्या फटकाऱ्यांचे निरनिराळे प्रकार ठरून गेले होते. कोणाला अंबाडीच्या तंतूंचे नाव, कोणाला कुऱ्हाडीच्या घावाचे, कोणाला पावसाच्या थेंबांचे. रेशमावर किंवा कागदावर एकदा पडलेली रेघ पुसता येत नाही. लेखन आणि चित्रण यांचा कुंचला एकच असल्यामुळे, ज्याचे अक्षर पारखता येते त्याच्या डोंगराची रेषाही पारखता येते, असे सुशिक्षित चिनी माणूस मानीत असे, आणि रेषेवरून माणसाच्या शीलाची परीक्षा करीत असे.

दृष्टीच्या बाबतीतही आपल्याला एक जुनी सवय बाजूला ठेवावी लागते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून जी पाश्चात्त्य शिस्त आपल्याकडे आली, तीत प्रेक्षक एका जागी उभा असतो आणि सर्व रेषा क्षितिजावरील एका बिंदूकडे धावतात. ग्वो शीने तीन दूरत्वे सांगितली आहेत: पायथ्यापासून शिखराकडे पाहण्याचे, पुढल्या डोंगरातून मागल्या डोंगरात शिरण्याचे, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगरांकडे पाहण्याचे. एकाच चित्रात ती तिन्ही नांदू शकतात, कारण पाहणारा चालतो आहे असे गृहीत आहे. आडवी गुंडाळी तर उजवीकडून डावीकडे, दोन हातांच्या अंतराएवढी उलगडीत आणि मागची गुंडाळीत पाहावयाची असते, त्यामुळे नदीकाठचा प्रवास काळाच्या ओघातच घडतो. ज्या डोंगरातून नुसते जाता येते वा ज्याकडे नुसते पाहता येते त्याहून, ज्यात रमता आणि राहता येते तो डोंगर श्रेष्ठ, असा ग्वो शीचा अभिप्राय आहे.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे वळू. तैपेई येथील राजवाडा-संग्रहालयात फान क्वान या चित्रकाराचा, इसवी सन 1000 च्या आसपासचा, एक रेशमी पट आहे. त्याची उंची दोन मीटरांहून अधिक आहे. चित्राचा बहुतेक भाग एकाच पर्वताने व्यापला आहे. त्याच्या फटीतून एक धबधबा दोरीसारखा सरळ उतरतो, पायथ्याशी धुक्याचा पट्टा आहे, आणि त्या धुक्याच्या अलीकडे, झाडी आणि खडक यांच्यामधून, लादलेल्या जनावरांचा एक लहानसा तांडा हाकीत माणसे चालली आहेत. ती माणसे प्रथम दिसतच नाहीत. आणि दिसल्यावर पर्वताचे आकारमान अंगावर येते. तरीही हा पर्वत माणसाला चिरडीत नाही. तांडा आपल्या वाटेने, नित्याच्या कामासाठी, निर्धास्तपणे चालला आहे, आणि वर झाडीत एका मंदिराची छपरे दिसत आहेत. फान क्वान हा वायव्य चीनमधील डोंगरांत राहिलेला माणूस. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, तांड्यामागील पालवीत त्याने आपले नाव इतके बेमालूम लपविले होते की, ते 1958 साली ली लिन-त्सान या अभ्यासकाच्या नजरेस पडेपर्यंत शतकानुशतके कोणाच्या ध्यानी आले नाही. एवढा पर्वत उभा करून स्वतःची सही पानांच्या आड ठेवणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

ग्वो शीने 1072 साली काढलेला 'प्रारंभीचा वसंत' याच संग्रहालयात आहे. बर्फ वितळू लागले आहे, दऱ्यांतून वाफ उठते आहे, खडक ढगांसारखे वळसे घेत वर चढले आहेत, आणि तळाशी पाण्याच्या कडेला कोळ्यांची माणसे आपल्या संसारात मग्न आहेत. मुख्य पर्वताभोवती लहान शिखरे जमलेली असावीत, जसा सम्राट दक्षिणाभिमुख बसतो आणि सरदार त्याच्या भेटीस येतात, असे ग्वो शीने स्वतःच सांगितले असल्यामुळे, या चित्राचा राजकीय अर्थ आपण बाहेरून लादीत नाही. त्याच 1072 साली, मंत्री वांग आनशी याच्या सुधारणांपैकी एक म्हणून, शेतजमिनीची नव्याने मोजणी करून सारा समप्रमाणात बसविण्याचा कायदा निघाला होता, आणि त्यावरून दरबारात दोन तट पडले होते. त्या वर्षीचा हा वसंत राज्यात प्रत्येकाला आपापले स्थान आहे असे आश्वासन देतो, आणि ज्यांना कारभार करावयाचा होता त्यांच्यासमोर देतो.

या आश्वासनाचे आयुष्य फार नव्हते. पुढे सम्राट ह्वेइत्सुंगच्या अमदानीत दरबाराची अभिरुची बदलली, ग्वो शीची चित्रे भिंतींवरून उतरवून कोठारात टाकली गेली. आणि डंग छुन या लेखकाने नमूद केले आहे की, त्याच्या पित्याने एका कारागिराला जुन्या रेशमाने मेज पुसताना पाहिले व चौकशी करता ते ग्वो शीचे चित्र निघाले. ह्वेइत्सुंगला आवडत होती ती निळ्या-हिरव्या खनिज रंगांची समृद्ध सृष्टी. वांग शीमंग या अवघ्या अठरा वर्षांच्या तरुणाने काढलेली, जवळजवळ बारा मीटर लांबीची 'सहस्र ली नद्या आणि पर्वत' ही गुंडाळी 1113 मधील असून आज बीजिंगला आहे. तीत एका सम्राटाला दिसावे तसे अखंड, सुखी, झळाळणारे राज्य आहे. चौदा वर्षांनी, 1127 मध्ये, जुर्चेन फौजांनी काइफंग घेतले आणि सम्राटाला कैद करून उत्तरेकडे नेले.

दक्षिणेत, हांगजोउ येथे, उरलेल्या राज्याच्या दरबारात मा युआन आणि श्या ग्वेइ यांनी चित्राचा एक कोपरा भरून बाकीचा भाग धुक्याला आणि आकाशाला देण्याची रीत नावारूपाला आणली. पुढच्या काळातील टीकाकारांनी त्या रिकामेपणात गमावलेला अर्धा मुलूख पाहिला. मला हा अर्थ ओढून आणलेला वाटतो. दरबाराच्या प्रसन्नतेसाठी काढलेल्या, चांदण्याने आणि सुगंधाने भरलेल्या त्या चित्रांत शोकाची खूण मला तरी दिसत नाही. रिकामी जागा ही चिनी चित्रात पाणी, धुके, वाटेतले अंतर किंवा नुसते मौन यांपैकी काहीही असू शकते, आणि तिला नेहमी दुःखाचीच मोहर लावणे अन्यायाचे होईल.

दुःख आले ते मंगोल अमदानीत, आणि ते फार संयमाने आले. जाओ मेंगफू हा सुंग घराण्याच्या संस्थापकाचा वंशज. आपल्या पूर्वजांचे राज्य बुडविणाऱ्या कुब्लाई खानाची चाकरी त्याने पत्करली, आणि त्याबद्दल शतकानुशतके बोल सोसले. शान्तुंग प्रांतातील कामगिरीवरून तो दक्षिणेत परतला तेव्हा त्याचा वडीलधारा स्नेही जोउ मी, ज्याचे पूर्वज त्याच प्रांतातून विस्थापित होऊन आले होते आणि ज्याने आपली मूळ भूमी कधीही पाहिली नव्हती, त्याच्यासाठी त्याने तेथील छ्याव आणि ह्वा या दोन टेकड्यांचे शरद ऋतूतील चित्र काढून दिले. एक टेकडी भाकरीच्या उतरंडीसारखी गोलसर, दुसरी सुळक्यासारखी टोकदार. मध्ये दलदल, बोरू, काही झाडे, झोपड्या, शेळ्या. जाणूनबुजून जुन्या, भाबड्या पद्धतीने रेखाटलेले. प्रतीकांचे कोष्टक हाती घेऊन येथे काहीच हाती लागत नाही. येथे एका टेकडीचा अर्थ एवढाच की ती एका विशिष्ट माणसाच्या पूर्वजांची टेकडी आहे. आणि मोठ्या पर्वताला सम्राट मानणाऱ्या सुंग चित्रानंतर ही केवढी मोठी उलथापालथ आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हे ठेंगणे, साधे चित्र पाहताना मन भरून येते.

मंगोलांनी परीक्षापद्धती दीर्घकाळ स्थगित ठेवली होती. ती 1315 मध्ये पुन्हा सुरू झाली, परंतु तोपर्यंत विद्वानांची एक पिढी दारे ठोठावून परतली होती. ह्वांग गोंगवांग (1269–1354) याने कचेरीत कनिष्ठ कारकुनी केली, वरिष्ठाच्या जमीन-महसुलाच्या प्रकरणात तोही गोवला जाऊन तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर भविष्य सांगत, ताओ पंथाची दीक्षा घेऊन, डोंगरांतून फिरत राहिला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास, 1347 मध्ये, त्याने फूछुन नदीकाठच्या डोंगरांची गुंडाळी एका स्नेह्यासाठी आरंभिली आणि लहर लागेल तेव्हा तीवर काम करीत तीन वर्षे घालविली. 1350 मध्ये त्याने तीवर लिहिलेल्या मजकुरात, दुसरा कोणी ती युक्तीने लांबवील या भीतीने स्नेह्याने मालकीची नोंद आधीच करून मागितली, हेही सांगून ठेवले आहे. चित्रात एकही सिंहासन नाही. टेकड्या उठतात, विसावतात, पाण्यात उतरतात; मधूनच एखादी होडी, एखादी झोपडी, काही पाइन; रेषा कोठे कोरडी, कोठे ओलसर, आणि कोठेही घाई नाही. सुमारे तीनशे वर्षांनी, 1650 मध्ये, वू हॉंग्यू नावाच्या मालकाने मृत्युशय्येवर ही गुंडाळी आपल्याबरोबर यावी म्हणून अग्नीत टाकविली. पुतण्याने ती ओढून काढली, पण तोवर तिचे दोन तुकडे झाले होते. धाकटा तुकडा हांगजोउला, थोरला तैपेईला. ते दोन्ही 2011 साली तैपेईत शेजारी शेजारी मांडले गेले. अठराव्या शतकातील सम्राट छ्यानलोंग याने एका नकलेलाच अस्सल मानून तीवर पन्नासाहून अधिक शेरे लिहिले, आणि अस्सल हाती आली तेव्हा तिला नक्कल ठरविले. त्या निकालामुळेच मूळ गुंडाळी राजमुद्रांच्या गर्दीतून वाचली.

नी त्सान (1301–1374) याच्यापाशी तर माणूसच नाहीसा होतो. वूशी येथील त्याचे घराणे संपन्न. परंतु करांचा भार आणि बंडाळी वाढत चालल्यावर त्याने इस्टेट सोडून दिली आणि थाय सरोवराच्या परिसरात होडीत राहून पुढील वर्षे काढली. त्याचे चित्र बहुधा एकच असते: अलीकडच्या काठावर काही विरळ झाडे आणि एक रिकामा मंडप, मध्ये न रंगविलेले पाणी, पलीकडे ठेंगण्या टेकड्या. 1372 मधील त्याचे एक चित्र दोन वर्षांनी पहिल्या मालकाने परत आणून, एका वैद्याच्या अभ्यासिकेसाठी त्यावर नवा मजकूर लिहावा अशी विनंती केली, आणि नी त्सानने तसे केले. चित्रात ना अभ्यासिका आहे, ना वैद्य. तो रिकामा मंडपच स्नेह्याला बसण्यासाठी देऊ केला होता. पुढे दक्षिणेतील घरांत नी त्सानचे चित्र असणे हे अभिरुचीचे प्रमाणपत्र मानले जाऊ लागले.

मिंग काळातील शन जोउ याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1467 मध्ये आपले गुरू छन ख्वान यांच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याने लू पर्वताचा भव्य पट काढून अर्पण केला. गुरूंचे पूर्वज त्या पर्वताच्या प्रदेशातले, आणि पर्वत शिष्याने स्वतः पाहिलेला नव्हता. जे शिखर फान क्वानच्या वेळी विश्वाचे आणि ग्वो शीच्या वेळी सम्राटाचे होते, ते येथे एका शिक्षकाचे झाले आहे. त्यानंतरच्या काळाबद्दल मी थोडक्यात आटोपतो. 1679 मध्ये नानजिंगला छापली गेलेली 'मोहरीदाणा-बागे'ची चित्रपोथी झाडे, खडक आणि माणसे काढण्याचे ठराविक नमुने घरोघर घेऊन गेली. त्याच पिढीत मिंग राजवंशातील एक अनाथ, भिक्षू होऊन जगलेला शिताओ (1642–1707), कोणत्याही जुन्या गुरूच्या रेषेपेक्षा स्वतःची एक रेषा मोलाची, असे आग्रहाने प्रतिपादन करीत होता. मला शिताओ पटतो, आणि त्या पोथीचे उपकारही नाकारवत नाहीत.

आपल्याकडे ही परंपरा पोहोचली ती दोन वाटांनी. अफूच्या व्यापारासाठी कँटनला जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनी मुंबईत आणलेल्या गारा साड्यांवर पूल, मंडप, होड्या आणि वेळू यांचे भरतकाम असे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमविलेल्या चिनी वस्तू आजही पाहता येतात. या वाटेने आकृती आल्या, पण त्यांच्यामागचा कारकून, कैदी आणि गुरू आले नाहीत. दुसरी वाट शांतिनिकेतनची: 1924 मध्ये रवींद्रनाथांबरोबर नंदलाल बोस चीनला गेले, 1937 मध्ये शांतिनिकेतनात चीन-भवन उघडले, आणि 1939 साली आलेले श्यू बेइहोंग यांनी पर्वत हलविणाऱ्या म्हाताऱ्याचे आपले प्रसिद्ध चित्र 1940 मध्ये भारतात असतानाच काढले. ही वाट अद्याप पुरेशी तुडविली गेलेली नाही. आपल्या कलाशाळांतून इटलीचा कलेतिहास जितक्या तपशिलाने शिकविला जातो, त्याच्या चतुर्थांशाने तरी चीनचा शिकविला जावा, अशी माझी विनंती आहे.

वाचकाने या चित्रांकडे वळताना प्रथम सालाची नोंद पाहावी, मग ते चित्र कोणी कोणाला दिले आणि त्या वर्षी देणारा चाकरीत होता की चाकरीबाहेर, याची चौकशी करावी, त्यानंतर चित्रातील सर्वांत लहान माणूस शोधून तो कोणत्या दिशेने चालला आहे हे पाहावे, आणि पाइन, वेळू, कोळी यांचे कोष्टक शेवटी हाती घ्यावे. तैपेईच्या संग्रहालयाने आपल्या अनेक चित्रांच्या मोठ्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, तेव्हा प्रवासखर्चाची सबबही उरलेली नाही. आरंभ मात्र फान क्वानच्या पटापासून करावा; तो पाहिल्याखेरीज बाकीच्यांनी काय सोडले हे कळणार नाही.